सभागृह काचेचं की दगडी? त्याआधी ठरवायच्या गोष्टी

तुमचा प्रश्न थोडक्यात असा. मंगळवेढा तालुक्यातलं तुमचं गाव. जुनी दगडी चावडी, तिला लागून पत्र्याचं समाजमंदिर, पुढं लिंबाचा पार. हे सगळं पाडून नवं सभागृह बांधायचं घाटतंय आणि गावात दोन तट पडलेत. तरुण मंडळी आणि पुण्यात नोकरीला असलेल्यांनी एक प्लॅन आणलाय: खाली रस्त्याकडेला गाळे, वर १२ बाय २० मीटरचा एसी हॉल, रस्त्याकडची पश्चिमेची अख्खी बाजू काच आणि एसीपीची, म्हणजे अ‍ॅल्युमिनियमच्या चकचकीत पॅनेलची. ज्येष्ठ म्हणतात चावडीला हात लावायचा नाही, आणि बांधायचंच असेल तर दगडी कमानी, कळस, जुन्या वाड्याचं रूप पाहिजे. १५ ऑगस्टच्या ग्रामसभेत ठराव व्हायचाय, आणि तुम्ही विचारताय, कुणाचं खरं धरायचं?

मी सव्वीस वर्षं सोलापूर-सांगली पट्ट्यात आर्किटेक्ट म्हणून काम करतोय. तुम्ही पाठवलेली दोन्ही चित्रं नीट पाहिली. माझं मत आधीच सांगतो. दोन्ही बाजू दर्शनी भिंतीवरून भांडताहेत, आणि दर्शनी भिंत ही या इमारतीत सगळ्यात शेवटी ठरवायची गोष्ट आहे. आधी कागदावर वर्ष मांडा. तुमच्या गावात या जागेवर वर्षभरात नेमकं काय काय होणार?

तुम्ही दिलेल्या माहितीवरून मीच मांडून पाहिलं. मोठी लग्नं गावात होतच नाहीत, ती हायवेवरच्या मंगल कार्यालयांत जातात. तिथं पार्किंग आहे, वऱ्हाडाला खोल्या आहेत, आणि तुमचा हॉल कितीही चकचकीत केला तरी ती परत येणार नाहीत. गावात उरतात साखरपुडे, बारशी, हळद, दहाव्या-तेराव्याची जेवणं, सप्ताह, आषाढीला कर्नाटकातून पंढरपूरला जाणाऱ्या दिंड्यांचा एका रात्रीचा मुक्काम, बचत गटांच्या बैठका, लसीकरण, मतदान, ग्रामसभा. सगळे दिवस मिळून साठ-सत्तरच्या वर जात नाहीत. राहिलेले तीनशे दिवस इमारतीनं काय करायचं, याचं उत्तर दोन्ही चित्रांत नाही.

याचं उत्तर मला माझ्याच चुकीतून मिळालं. सुरुवातीच्या वर्षांत एका गावात मी सभागृह बांधलं. पैसे कमी पडायला लागले तेव्हा मी ओसरी काढून टाकली आणि हॉल पुरा केला. हॉल मोठा झाला, उद्घाटन थाटात झालं. पुढं काही वर्षांनी दुपारी त्या गावातून जाताना पाहिलं तर दाराला कुलूप, आणि सात-आठ म्हातारी माणसं समोरच्या बंद दुकानाच्या पायरीवर, अर्धी सावलीत अर्धी उन्हात बसलेली. किल्ली कुणाकडं आहे हे त्यांच्यापैकी कुणाला ठाऊक नव्हतं. ओसरी ठेवून हॉल दोन मीटरनं कमी केला असता तर ती माणसं त्या इमारतीत बसली असती. तेव्हापासून मी गावच्या कुठल्याही सभागृहाची ओसरी आधी काढतो आणि मग हॉल.

आता तुमच्या प्लॅनकडं येतो.

हॉल वरच्या मजल्यावर नको. गाळ्यांच्या भाड्याचा मोह मला समजतो, पण वर हॉल म्हणजे प्रत्येक पातेलं, प्रत्येक खुर्ची, प्रत्येक गुडघे दुखणारी आजी जिन्यानं वर जाणार. दिव्यांगांच्या हक्कांचा २०१६ चा कायदा आहे. सार्वजनिक इमारतीत चाकाच्या खुर्चीतल्या माणसाला विनासायास जाता आलंच पाहिजे. वर हॉल म्हणजे लिफ्ट, आणि गावातली लिफ्ट दोन वर्षांत बंद पडलेली मी पाहिलीय. खाली हॉल असला तरी उताराचा हिशोब करा. उतार एकास बाराचा लागतो. जोतं ६० सेंटीमीटर उंच ठेवलंत तर उतार ७.२ मीटर लांब होतो. तो आराखड्यात पहिल्या दिवसापासून हवा. मागाहून जोडला की कुठंतरी गटारावर उतरतो.

काचेबद्दल. तुमचं गाव साधारण साडेसतरा अक्षांशावर आहे. मेच्या दुसऱ्या आठवड्यात आणि पुन्हा ऑगस्टच्या सुरुवातीला दुपारी सूर्य बरोबर डोक्यावर येतो. म्हणजे कडक उन्हाळ्यात दक्षिणेच्या भिंतीला ऊन फारसं लागत नाही. मार खाते ती पश्चिमेची भिंत आणि वरचा स्लॅब. दुपारी तीन ते सहा, तिरपं ऊन थेट आत. तुमच्या चित्रात नेमकी तीच बाजू काचेची आहे. पारा ४२-४३ वर असताना त्या काचेमागं माणसं बसू शकणार नाहीत, म्हणून मग एसी. १२ बाय २० च्या हॉलमध्ये तीन-चारशे माणसं धरली तर ढोबळ मानानं तीस टनांच्या पुढं एसी लागतो, म्हणजे तासाला तीस-पस्तीस युनिट. गावच्या ६३ किंवा १०० केव्हीएच्या ट्रान्सफॉर्मरवर एवढा भार एकदम पडणार. शिवाय मंजूर भाराचा स्थिर आकार दर महिन्याला भरायचा, हॉल उघडा असो वा बंद. ग्रामपंचायतीनं हे बिल किती महिने भरलं जाईल ते आजच लिहून ठेवावं.

आवाजाचं गणित कुणी करत नाही, म्हणून जरा थांबून सांगतो. खोलीत टाळी वाजवली की आवाज विरायला जो वेळ लागतो तो काढायचं साधं सूत्र आहे: खोलीचं घनफळ गुणिले ०.१६, भागिले आतल्या पृष्ठभागांचं एकूण ध्वनिशोषण. तुमचा हॉल ५ मीटर उंच धरला तर घनफळ १२०० घनमीटर. खाली फरशी, भिंतींना गिलावा, वर स्लॅब. ही तिन्ही आवाज जवळजवळ शोषतच नाहीत. रिकाम्या हॉलमध्ये हा वेळ नऊ सेकंदांच्या आसपास येतो. तीनशे माणसं बसली की माणसांचे कपडे आणि अंगच आवाज शोषतात, वेळ दीड सेकंदाच्या खाली येतो आणि सगळं ठीक वाटतं. पण ग्रामसभेला साठ माणसं आली तर? चार सेकंदांच्या वर. म्हणजे एक शब्द विरायच्या आत पुढचे आठ-दहा शब्द त्यावर येऊन पडतात. माईक वाढवला की आणखी घुमतं. ग्रामसभेत मागं बसलेल्या बायकांना काही कळत नाही, त्या उठून जातात, आणि मग म्हणतात बायका सभेला येत नाहीत. मी स्वतः अशा हॉलमध्ये शेवटच्या रांगेत बसून पाहिलंय. सरपंच पाणीपट्टीबद्दल बोलत होते एवढंच कळलं, वाढली की कमी झाली ते कळलं नाही.

उपाय महाग नाही. उघडी खिडकी जवळपास सगळा आवाज बाहेर सोडते. तीस चौरस मीटरच्या उघडणाऱ्या खिडक्या दोन समोरासमोरच्या भिंतींत द्या आणि निम्म्या छताखाली लाकडाच्या तंतूंचे सिमेंट बांधणीचे बोर्ड लावा. तेवढ्यानं साठ माणसांच्या सभेतही वेळ दीड सेकंदाच्या आसपास येतो. त्याच खिडक्यांतून वारा आरपार जातो. तुमच्या काचेच्या भिंतीत मला उघडणारी एकही खिडकी दिसली नाही.

म्हणून ज्येष्ठांचं सगळं बरोबर, असंही नाही. दगडी वाड्याचं रूप हवं म्हणणाऱ्यांना मी एकच तारीख आठवून देतो, ३० सप्टेंबर १९९३. किल्लारीच्या भूकंपाचा धक्का पहाटे चारच्या सुमाराला आपल्याकडंही जाणवला होता. लातूर-उस्मानाबादकडं जवळपास दहा हजार माणसं गेली, ती मुख्यतः घरांच्या भिंतींखाली. भिंती दोन-अडीच फूट जाड, पण आतला आणि बाहेरचा दगडाचा थर वेगवेगळा, मधे खडी-माती, दोन्ही थर बांधणारा आडवा दगड नाही. वरून माळवदाचं, म्हणजे लाकडावर माती टाकलेल्या सपाट छताचं ओझं. आपल्याकडं माळवद गळायला लागलं की दरवर्षी वर पांढऱ्या मातीचा नवा थर, जुना कुणी काढत नाही; तीस-चाळीस वर्षांत छतावर दीड-दोन फूट माती बसते. तुमच्या चावडीच्या फोटोत कडेला गवत उगवलेलं दिसतंय, म्हणजे तीच गत असणार.

तरीही चावडी पाडू नका असंच मी म्हणेन. सागवानी खांब शाबूत दिसतात. वरची माती उतरवायची, हलकं छत घालायचं, भिंतीला ठरावीक अंतरावर आरपार भोकं पाडून त्यात सळई-काँक्रीट भरायचं म्हणजे दोन्ही थर एकमेकांना बांधले जातात, आणि वर चारी बाजूंनी काँक्रीटची सलग पट्टी फिरवायची. किल्लारीनंतर दुरुस्तीला हीच पद्धत वापरली गेली. कामाला बसण्याआधी स्ट्रक्चरल इंजिनिअरला प्रत्यक्ष दाखवा. फोटोवरून मी हमी देणार नाही. चावडीत मुलांची अभ्यासिका करा. स्पर्धा परीक्षेची पोरं पहाटे पाचपासून बसतील, ती इमारत रोज उघडी राहील. पाडायचं ते पत्र्याचं समाजमंदिर, नवा हॉल त्या जागी.

काळ्या रानाचं काय, हे दोन्ही बाजूंपैकी कुणीच विचारलं नाही. मंगळवेढ्याची काळी जमीन ज्वारीला सोनं आहे आणि इमारतीला ताप. पावसात फुगते, उन्हाळ्यात आकसते. मेमध्ये भेगेत हात कोपरापर्यंत जातो. तिच्यावर साधं जोतं बांधलं की तिसऱ्या-चौथ्या वर्षी खिडकीच्या कोपऱ्यातून तिरकी चीर निघते. मग गिलावा, मग रंग, मग पुन्हा चीर. आधी दोन खड्डे घ्या. मुरूम दीड-दोन मीटरवर लागला तर पाया मुरमावर न्या. खूप खोल असेल तर फुगीर बुडाचे पाइल, म्हणजे जमिनीत खोल उतरवलेले काँक्रीटचे खांब, घ्यावे लागतात, त्यांचं बूड दांड्याच्या अडीचपट रुंद असतं आणि ते जमीन हलते त्या थराच्या खाली धरून बसतं. जोत्याच्या बीमखाली मोकळी फट ठेवायची, म्हणजे माती फुगली तरी बीमला ढकलत नाही. भोवती मीटरभर फरशीचा पट्टा बाहेरच्या उतारानं. शोषखड्डा भिंतीजवळ अजिबात नको. या कामाला एस्टिमेटमधला मोठा हिस्सा जाईल आणि तो एकाही चित्रात दिसणार नाही. पण कमान, कळस, काच, सगळं याच्यावरच उभं राहणार आहे.

छताच्या पाण्याचाही विचार करा. २४० चौरस मीटर छत आणि वर्षाला ५०० मिलिमीटर पाऊस धरला तर १ लाख २० हजार लिटर. वाया जाणारं वगळून ९०-९५ हजार लिटर तरी हाती लागतं. टाकी जमिनीवर ठेवा, पाया ओला होता कामा नये.

दारं. हॉलला एकच मोठं शटर असलेली सभागृहं मी जिल्हाभर पाहतो आणि दरवेळी पोटात गोळा येतो. हरियाणातल्या डबवालीत २३ डिसेंबर १९९५ ला लग्नाच्या एका हॉलमध्ये शाळेचा कार्यक्रम चालू असताना मंडपाच्या कापडाला आग लागली. ४०० हून अधिक माणसं गेली, त्यात बरीचशी लहान मुलं. बाहेर पडायला वाट एकच. तुमच्याकडं हॉल असणार, झालर-पडदे असणार, आचाऱ्याचे सिलिंडर असणार. समोरासमोर दोन रुंद दारं, बाहेरच्या बाजूला उघडणारी, आणि कार्यक्रम चालू असताना दोन्हींचं कुलूप काढलेलं. शटर नको. यावर मी कुठल्याही गावाशी तडजोड करत नाही.

आणि आता थोडं अवघड बोलतो, कारण तुम्ही ओझरता उल्लेख केलाय. जुन्या समाजमंदिरात सगळ्या वस्त्यांची माणसं येत नाहीत असं तुम्ही लिहिलंय. याचं एक कारण मला नकाशातच दिसतं. आत जायची वाट देवळाच्या आवारातून आहे. एका गावात हेच होतं. कागदावर सभागृह सगळ्यांचं, पण दार ज्या अंगणात उघडत होतं तिथून काही घरांतल्या माणसांचे पाय पुढं पडत नव्हते. कुणी अडवत नव्हतं, तरी पडत नव्हते. नवं बांधताना आम्ही फाटक थेट सरकारी रस्त्यावर काढलं, देवळाकडून दुसरी छोटी वाट ठेवली. पहिल्याच वर्षी त्या वस्तीतलं बारसं त्या हॉलमध्ये झालं. फाटकाची जागा बदलायला काहीही जादा खर्च आला नव्हता. तुमच्या भांडणात मला काच आणि दगड यांच्याइतकीच ही गोष्ट दबलेली दिसते, की हे सभागृह कुणाचं. ते ठरावात नाही, फाटकाच्या जागेत दिसतं. फाटक रस्त्यावर काढा.

हे सगळं धरून मी काय मांडेन ते सांगतो. हॉल एकाच मजल्याचा आणि लहान, १० बाय १५ मीटर. खुर्चीला माणशी ०.६ चौरस मीटर आणि जेवणाला १.५ धरतात, म्हणजे अडीचशे खुर्च्या किंवा शंभराची पंगत. तुमच्या साठ-सत्तर दिवसांपैकी बहुतेकांना एवढं पुरतं. उरलेलं क्षेत्र ओसरीला: उत्तरेला आणि पूर्वेला तीन मीटर रुंद, पाराकडं तोंड करून, कडेनं ४५ सेंटीमीटर उंचीचा बसायचा कट्टा. दिंडीच्या रात्री माणसं तिथंच झोपतील. पश्चिमेला, रस्त्याकडं, स्टेजची मागची बाजू आणि सामानाची खोली. तिची बाहेरची भिंत जाड, काळ्या दगडाची, आडव्या पट्ट्यांनी बांधलेली. दुपारचं ऊन ती भिंत खाईल, आणि ज्येष्ठांना रस्त्यावरून जे रूप पाहिजे ते तिथंच मिळेल. तरुणांना मोकळेपणा आणि उजेड हवा असेल तर तो उत्तरेकडून घ्या, तिथं काचही लावा, उघडणारी. आग्नेयेला स्वयंपाकाची शेड. वारा बहुतेक पश्चिमेकडून येतो, धूर हॉलमध्ये शिरत नाही, आणि वास्तूचा आग्रह धरणाऱ्यांचंही समाधान होतं. भांडी घासायचा ओटा कमरेइतक्या उंचीचा, वर पत्रा, खाली उताराची फरशी. बायकांच्या स्वच्छतागृहाचं दार कट्ट्यावर बसलेल्या पुरुषांसमोर उघडता कामा नये, आणि वाटेवर दिवा हवा. नाहीतर ते बांधलेलं राहील, वापरलं जाणार नाही. वरच्या मजल्यासाठी म्हणून गच्चीवर सळया मोकळ्या सोडू नका. गावोगाव त्या उघड्या सळया पावसात गंजतात आणि गंज हळूहळू खाली कॉलममध्ये उतरतो.

निधी एकदम येत नाही, टप्प्यानं येतो. म्हणून आधी पाया, छत आणि ओसरी पूर्ण करा. भिंती आणि खिडक्या दुसऱ्या हप्त्यात आल्या तरी चालतं, छप्पर आणि ओटा झाला की जागा वापरात येते. उलट केलंत, आधी दर्शनी भाग, तर पहिला हप्ता संपेल आणि सांगाडा उभा राहील.

१५ ऑगस्टला चित्रांवर हात वर करायला लावू नका. त्याआधी एका रविवारी जागेवर फक्की मारा. पूर्ण मापात, हॉलच्या भिंती, दारं, ओसरीची कड, स्टेज, चूल, सगळं जमिनीवर पांढऱ्या रेषांनी. खांबांच्या जागी बांबू रोवा. पत्र्याच्या समाजमंदिराखाली येणारा भाग शेजारच्या मोकळ्या जागेत त्याच मापात काढा. शाळेतल्या पन्नास खुर्च्या मांडा आणि लोकांना फिरू द्या. ग्रामसभेच्या आधी महिलांची सभा घ्यायची असतेच, ती त्या रेषांतच घ्या. हे मी बऱ्याच गावांत केलंय. एका ठिकाणी एक आजी ओसरीच्या रेषेत कोपऱ्यात जाऊन मांडी घालून बसल्या, थोडा वेळ इकडं-तिकडं पाहिलं आणि बांबूकडं बोट करून म्हणाल्या, "ह्यो खांब हितं आला की येशीतनं आलेलं माणूस दिसत न्हाई. पोरी एसटीनं येत्यात." आम्ही खांब दीड मीटर सरकवला. स्लॅबचं गणित थोडं बदललं, बाकी काही नाही.

खड्ड्यात मुरूम किती खोल लागला ते आणि फक्कीनंतर काय काय सरकलं ते कळवा, मग मापं पक्की करून देतो. पारावरच्या लिंबाच्या बुंध्यापासून पाया किमान पाच मीटर लांब ठेवा. काळ्या जमिनीत झाडाची मुळं पायाखालचं पाणी ओढतात, आणि लिंब तोडायची पाळी येऊ नये.